शनिवार-रविवारची गोळी

५ जानेवारी, सोमवार

दवाखान्यातून सोडताना सिस्टर म्हणाली, रोज सकाळी वजन करायचं आणि वहीत लिहायचं. वही नव्हती, ही डायरी होती. एका औषधविक्रेत्याने फुकट दिलेली. द्राक्षबागेच्या फवारणीची जाहिरात आहे आणि प्रत्येक पानाच्या तळाशी बागायतदाराला एक सल्ला. आजचा सल्ला असा: वेलीवर झेपेल तेवढाच भार ठेवा. माझ्या डॉक्टरणीचंही तेच म्हणणं आहे, फक्त ती त्याबरोबर गोळ्याही लिहून देते.

मी उज्वला. वय बावन्न. तहसील कचेरीबाहेर निंबाखाली टेबल टाकून बसते आणि लोकांचे अर्ज टाईप करते. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. मुलगी निकिता दिंडोरीला दिली आहे. ती द्राक्षं पॅक करते आणि फोनवरून मला ओरडते.

माझं हृदय तीस टक्के पंपिंग करतं. मी डॉक्टरणीला म्हटलं, "आमच्या कचेरीत माणसं वीस टक्क्यांवर पेन्शनीपर्यंत पोचतात." ती हसली नाही. म्हणाली, "दोनदा अंगातलं पाणी काढून घरी पाठवलंय तुम्हाला. तिसऱ्यांदा अशाच आलात तर मी काही सांगू शकत नाही."

हे वाक्य तिने शुद्ध मराठीत सांगितलं. डॉक्टर मराठीत बोलायला लागले की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

८ जानेवारी, गुरुवार

दवाखान्याच्या पत्रकावर एक हसरं जोडपं आहे. बाई वजनकाट्यावर उभी, नवरा कौतुकाने बघतोय. काटा त्यांच्या बाथरूममध्ये आहे. ती बाथरूम माझ्या खोलीहून मोठी आहे. खाली सूचना: शौचास जाऊन आल्यावर, नाश्त्याआधी वजन करावे. म्हणजे मी कधी करायचं? आमच्या वस्तीत सकाळी शौचाची रांग लागते. नाश्ता आधी होतो.

काटा घ्यावा तर तो ठेवायला सपाट जमीनही हवी. शेवटी गल्लीच्या तोंडाशी वाल्मीकचं भंगाराचं दुकान आहे, तिथे गेले. वाल्मीक मूळचा वणीचा. बायको कोरोनात गेली, मूलबाळ नाही. माणूस बरा आहे, पण सतत काहीतरी ठोकत असतो. त्याच्या मोठ्या काट्यावर, जुन्या फ्रिज आणि रद्दीच्या मधोमध, उभी राहिले.

"एकसष्ट चारशे!" तो ओरडला. पलीकडच्या चहावाल्याने मान वळवली.

"वाल्मीकभाऊ, मी रद्दी नाही."

"सवय हो ताई. गिऱ्हाईकाला संशय नको म्हनून मोठ्यानं सांगावं लागतं."

"मी गिऱ्हाईकही नाही. मला स्वतःला विकायचं नाहीये."

"आनलं तरी आम्ही घेनार नाय," तो म्हणाला. "चालू माल हाय."

बऱ्याच वर्षांत कोणी माझी स्तुती केली नव्हती. केली ती भंगारवाल्याने.

११ जानेवारी, रविवार

आज गोळी घेतली. लघवीची. पांढरी, एवढीशी, शेंगदाण्याच्या निम्मी. पण हिचा दरारा जिल्हाधिकाऱ्याएवढा. घेतली की पुढचे तीन तास दुसरं काही सुचू देत नाही. पाच-सहा वेळा धावावं लागतं.

आता धावायचं कुठे? वस्तीच्या सार्वजनिक संडासात बायकांकडे दारं शाबूत असलेली तीनच. सकाळी रांगेत उभं राहून एकदा जाता येतं. सहा वेळा जायचं तर तिथेच मुक्कामाला राहावं लागेल. कचेरीजवळ तर उघडं एकही नाही. आतल्याची किल्ली शिपायाकडे असते आणि शिपाई कोणाकडे असतो ते कोणालाच माहीत नाही. रात्री घ्यावी तर आमच्या बोळात दिवा नाही आणि कुत्री पुष्कळ.

म्हणून मी सोय काढली आहे. शनिवार-रविवारी कचेरी बंद, मी घरी. अकरा वाजता रांग ओसरते, तेव्हा गोळी घ्यायची. सरकारी सुट्टी आली की जादा गोळी. माझ्या हृदयाला शासनाच्या सगळ्या सुट्ट्या लागू आहेत.

डॉक्टरणीला हे सांगितलेलं नाही. काय सांगणार? तिने विचारलं, "गोळ्या घेता ना?" मी म्हटलं, "घेते." खोटं कुठे आहे? घेतेच की.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. शेजारची मंगलाबाई तिळगूळ घेऊन आली आणि झाकून ठेचाही. आमच्या दोघींची भिंत एकच आहे. मी खोकले की ती पलीकडून शिव्या देते.

"मीठ बंद आहे माझं," मी म्हटलं.

"मग? ठेच्यात मीठ नाय, मिरची हाय."

"चाखून बघ."

तिने चाखलं. "थोडं हाय," म्हणाली. "पण बिनमिठाचं खाऊन जगायचं तर जगायचं कशाला?"

"हेच डॉक्टरणीला विचारलं. ती म्हणाली, नातवंडं बघायला."

"नातवंडं बघून काय करशील, त्यांनाबी बिनमिठाचंच घालशील." आणि ठेचा परत घेऊन गेली. जाताना म्हणाली, "उद्या बिनमिठाचा करून आनते. लय घाण लागंल. मग खा."

२३ जानेवारी, शुक्रवार

पाय सुजले आहेत. चप्पल बसत नाही. काट्यावर उभी राहिले तर सोमवारपेक्षा दोन किलो जास्त.

वाल्मीक आज ओरडला नाही. आकडा बघितला, माझ्याकडे बघितलं, परत आकड्याकडे. "हे नेहमीचंच झालं," म्हणाला. "सोमवारी हलकं, शुक्रवारी जड. काय खाता तुम्ही?"

"लोकांची डोकी."

"रात्री झोप लागली का?"

"तीन उशांवर, बसल्यासारखी. आडवी झाले की छातीवर कोणी पोतं ठेवल्यासारखं होतं. तुम्हाला कशाला चौकशी?"

"असंच." मग तो काट्याखाली वाकून बघायला लागला. "उंदरानं वायर खाल्ली का काय," असं पुटपुटला.

आज मला ताई म्हणाला नाही. उंदराच्या विचारात असेल.

२७ जानेवारी, मंगळवार

शनिवार, रविवार आणि लगोलग सव्वीस जानेवारी. तीन गोळ्या. आज काट्यावर पिसासारखी हलकी झाले होते. रात्री एका उशीवर झोपले. प्रजासत्ताक चिरायू होवो.

निकिताला फोनवर सांगितलं, बरं वाटतंय. तिच्याकडे द्राक्षकाढणी सुरू झाली. म्हणाली, "आई, ये ना चार दिवस." मी म्हटलं, "एसटीत बसून येऊ कशी, गोळी आहे." ती म्हणाली, "मग गोळी न घेता ये." बघा, आमच्या घराण्यात हा विचार आपोआप येतो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दवाखाना. गुरुवारी हृदयाची ओपीडी असते. डॉक्टरणीचं नाव ज्योत्स्ना, वय तिशीचं, डोळ्यांखाली काळं. तिने माझ्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. छातीला नळी लावून ऐकलं.

"पाणी परत वाढतंय. गोळी रोज घेताय?"

"हो."

"मग असं का होतंय? वजन कशावर करता?"

इथे माझी जीभ घसरली. म्हटलं, "भंगारवाल्याच्या काट्यावर. आता भंगारवाल्याचा काटा म्हणजे काय भरवसा!"

ती म्हणाली, तो काटा बंद करा. आणि गोळी दुप्पट केली.

म्हणजे आता शनिवारी दोन. पूर्वी पाच-सहा वेळा धावत होते, आता धावत धावतच राहायचं.

८ फेब्रुवारी, रविवार

काल दोन घेतल्या, आज दोन. दुपारी उभी राहिले तर गल्ली गोल फिरली. मंगलाबाईने धरलं आणि घरात आणून निजवलं.

"काय खाल्लंस?"

"गोळ्या."

"मग गोळ्या नको खाऊस."

"आठवड्यातले पाच दिवस तेच करते."

तिने पदराने मला वारा घातला. मग म्हणाली, "डॉक्टरला सांग ना गं."

"काय सांगू? मॅडम, मला मुतायला जागा नाही? त्या बाईच्या टेबलासमोर पन्नास माणसं उभी असतात."

खरं सांगायचं तर मला भीती वाटते आहे. तिसऱ्यांदाची. डायरीत लिहायला हरकत नाही, ही फक्त द्राक्षवाले वाचतात.

९ फेब्रुवारी, सोमवार

भयंकर गोंधळ. काट्याबद्दल जीभ घसरली ते मी मंगलाबाईला सांगितलं होतं, तिच्या तोंडातून ते वाल्मीकच्या कानावर गेलं. सकाळी दुकानासमोरून जाताना तो आडवा आला. चेहरा लाल.

"माझा काटा खोटा हाय असं तुम्ही डाक्टरला सांगितलं?"

"मी म्हटलं, भरवसा काय."

"तीस वर्सं झाली मला ह्या धंद्यात! लोक रद्दीत पानी मारून आनतात, डब्यात दगड घालून आनतात. मी कधी एक ग्रॅम इकडं-तिकडं केला नाय. भंगारवाल्याजवळ दुसरं काय असतं? माल तर सगळा लोकांनी टाकलेला. आपला म्हनावा असा एक काटाच."

मी काही बोलणार, तेवढ्यात तो म्हणाला, "मी येनार. गुरुवारी. दवाखान्यात."

"कशाला?"

"काट्याच्या इज्जतीचा प्रश्न हाय."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

हा दिवस नीट लिहायला हवा.

वाल्मीक माझ्याआधी दवाखान्यात हजर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत वजनमापे खात्याचं प्रमाणपत्र. बाकावर रांग, बहुतेक बायकाच. त्यांना वाटलं औषध कंपनीचा माणूस आला. माझा नंबर लागल्यावर तो माझ्यामागून आत शिरला.

"म्याडम, काटा खोटा नाय. हा सरकारी शिक्का. ह्याच वर्साचा."

डॉक्टरणीने कागद बघितला, मला बघितलं. "हे कोण? नातेवाईक?"

"काटा माझा हाय," वाल्मीक म्हणाला.

डॉक्टर मुलगी शहाणी. तिने मला तिथल्या काट्यावर उभं केलं. सकाळी वाल्मीकने हट्टाने त्याच्या काट्यावर चढवलं होतं, तोच आकडा तिथेही आला. वाल्मीकने खिडकीबाहेर असं बघितलं, जणू निवडून आला.

"काटा बरोबर आहे," डॉक्टरीण म्हणाली. "डोस दुप्पट आहे. तरी पाणी वाढलंय." तिने पेन खाली ठेवलं. "उज्वलाताई, मग गोळी पोटात जाते का?"

"जाते की."

"रोज?"

मी बघितलं, दार उघडं होतं आणि बाकावरची सगळी रांग आत वाकली होती. वाल्मीक शेजारी उभा. लोकांचे हजारो अर्ज लिहिले मी, प्रत्येकात 'आपणास नम्र विनंती'. स्वतःसाठी एक शब्द सापडेना.

"कचेरी बंद असेल तेव्हा घेते," मी म्हटलं.

तिला कळलं नाही. मग सगळं सांगावं लागलं. रांग, दारं, शिपायाची किल्ली, बोळातली कुत्री. वाल्मीक छताच्या पंख्याकडे असा टक लावून बघत होता की आता त्याचा भाव करेल असं वाटलं.

डॉक्टरीण काही बोलायच्या आत बाकावरून आवाज आला. पेठकडची एक म्हातारी, भिमाबाई. "मी त आज नाय खाल्ली. यष्टीत बसायचा, मंग घाटात काय कंडक्टरला सांगू, थांब रं बाबा, म्हातारी उतरते?"

सगळी रांग हसली. तिच्या पलीकडची म्हणाली, "मी तीन बंगल्यांत भांडी घासते. संडास मी धुते, पण वापरायचा नाय. मी कशी घेऊ?" तिसरी म्हणाली, "मी भाजी विकते. टोपली कोनाच्या भरवशावर सोडू?"

डॉक्टरीण उठून दारात आली. "आज सकाळी लघवीची गोळी कोणी कोणी घेतली? हात वर करा."

एकच हात वर आला. पुरुष होता. त्याला भिंती पुष्कळ.

यावर इतका हशा पिकला की पलीकडच्या हाडांच्या ओपीडीतून माणसं लंगडत बघायला आली. भिमाबाई तर पदर तोंडात कोंबून हसत होती. डॉक्टरीणही हसायला लागली. पहिल्यांदाच हसताना बघितली. डोळे पुसत म्हणाली, "मीसुद्धा सकाळपासून पाणी प्यायले नाही. आमच्या मजल्यावरच्या दाराला कडी नाही. एकीने दार धरायचं, एकीने जायचं."

मग खुर्ची ओढून तिने एकेकीला विचारलं, घरी कधी असता, जागा कुठे आहे, किती वाजता मोकळी असते. मला म्हणाली, "दुप्पट डोस आजपासून बंद. पूर्वीची एकच, पण रोज. वेळ तुम्ही ठरवा, सकाळ असो की दुपार. फक्त जागा शोधा. पुढच्या गुरुवारी पाणी उतरलं नाही तर मी दाखल करणार."

रिक्षात बसताना वाल्मीक म्हणाला, "काटा खरा निघाला, हे एक बरं झालं."

१४ फेब्रुवारी, शनिवार

वाल्मीक सकाळीच दारात. अर्ज लिहून पाहिजे म्हणाला. महापालिकेला. दुकानामागच्या जागेत स्वच्छतागृह बांधण्याची परवानगी, मागच्या बाजूने ड्रेनेजची लाईन जाते तिला जोड.

"कारण काय लिहू?"

"महिला गिऱ्हाईकांच्या सोयीसाठी."

"भंगाराच्या दुकानात महिला गिऱ्हाईक कोण येतं?"

"येतील," म्हणाला.

धंदा वाढवतोय वाटतं. मी अर्ज छान लिहून दिला, 'लोकहितास्तव' हा शब्द दोनदा घातला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

अर्जावर उत्तर यायच्या आत काम सुरू. गंगापूर रोडला कोणाचा तरी बंगला पाडतात, तिथून कमोड आणलं आहे. फिकट गुलाबी. दार एका जुन्या बँकेचं, त्यावर 'रोखपाल' असं लिहिलेलं. पत्रे कुठल्याशा मंगल कार्यालयाचे. संध्याकाळी गल्लीतली माणसं उभी राहून बघतात. कुंभमेळ्यासाठी शहरभर खोदकाम चाललंय, पण एवढी गर्दी तिथेही नसते.

मंगलाबाई म्हणाली, "शहाजहानानं बायको मेल्यावर बांधला. ह्यो जिवंतपनीच बांधतोय."

"कोणासाठी?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी मी अंगठेबहाद्दरांकडे टाकते. "तुला अर्ज वाचता येतो गं," म्हणाली, "बाकी काय येत नाय."

ह्या आठवड्यात मंगलाबाईने एक युक्ती काढली. सकाळी सहाला ती माझ्यासाठी रांगेत दगड ठेवते, मी गोळी घेते, आणि ती संडासासमोर उभी राहून येणाऱ्या प्रत्येकीला सांगते, "हिला जाऊ द्या, हिच्या हृदयाचा प्रश्न हाय." इतके दिवस गल्लीला माझ्या हृदयाबद्दल काही माहीत नव्हतं. आता प्रत्येक फेरीचा हिशोब आहे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

शिवजयंती. ओपीडी बंद असेल असं वाटलं होतं, पण डॉक्टरीण बसली होती. नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला, पण भरला. "उतरतंय," म्हणाली. दाखल केलं नाही. बाहेर ढोल वाजत होते. मला वाटलं माझ्यासाठीच.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

स्वच्छतागृह तयार. आत नळ, बादली, कडी, आरसा! आरसा कशाला म्हणून विचारलं तर वाल्मीक म्हणाला, "आला होता मालात." त्याने खिशातून किल्ली काढून माझ्या टेबलावर ठेवली. तिला लाल दोरा बांधलेला.

"दोनच किल्ल्या हायेत," म्हणाला. "एक तुमची. एक दुकानात."

मी ती पटकन एका अर्जाखाली सरकवली. बावन्न वर्षांची विधवा बाई भंगारवाल्याच्या दुकानामागे रोज सकाळी किल्ली घेऊन जाणार. गल्ली काय म्हणेल?

मंगलाबाईला विचारलं. ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "म्हनेल, बाई जिवंत हाय."

२५ फेब्रुवारी, बुधवार

मी रात्रभर विचार करून उत्तम मार्ग काढला. मेन रोडला जाऊन किल्लीच्या सहा किल्ल्या करून आणल्या. एक मंगलाबाईला, एक तिच्या पोटुशी सुनेला, एक शेवटच्या घरातल्या, गुडघे धरलेल्या आजींना, बाकीच्या ज्यांना गरज त्यांना. आता कोणी बोट दाखवू शकत नाही. सगळ्यांची बोटं किल्लीत.

वाल्मीकला अभिमानाने सांगितलं. त्याचा चेहरा पडला. "सहा?" म्हणाला.

"लोकहितास्तव. अर्जात लिहिलंच आहे."

"हो," म्हणाला. "ते हायच." आणि एक पंखा उचलून ठोकायला लागला.

पाण्याचं बिल वाढेल म्हणून वाईट वाटलं असावं. मी सगळ्यांकडून बादलीभर पाणी आणायची पद्धत लावली.

२ मार्च, सोमवार

साडेसहाला गोळी, साडेनऊपर्यंत मोकळी, दहाला निंबाखाली. रोज. सोमवार आणि शुक्रवार यांचं वजन आता एकच येतं. वाल्मीक परत ओरडायला लागला आहे. आज मी काट्यावरून उतरताना म्हणाला, "तुमच्या सहा किल्ल्यांनी एक बरं झालं. माझ्या दुकानात बायका येतात. काल एकीनं जुना कुकर विकला."

"बघा, महिला ग्राहक."

"हो. पन सगळ्या तुमच्याबद्दलच विचारतात."

"काय?"

"तेच, जे मंगलाबाई विचारते."

मंगलाबाई काय विचारते ते विचारायला हवं.

८ मार्च, रविवार

रंगपंचमी. जुन्या नाशकात रहाडी उघडल्या. जमिनीतले ते हौद वर्षभर झाकलेले असतात आणि आज रंगाच्या पाण्याने भरतात, पोरं वरून उड्या मारतात. वाल्मीक पन्नाशी ओलांडून उडी मारून आला. आपादमस्तक गुलाबी, दात तेवढे पांढरे. गल्लीत येऊन माझ्या दारात उभा.

"तुमच्या कमोडचा रंग झालाय," मी म्हटलं.

एवढा हसला की चहावाला बाहेर आला. मग बोटाने माझ्या गालाला रंगाचा एक ठिपका लावला आणि निघून गेला. मी तो दुपारपर्यंत धुतला नाही. पाणी जपून वापरायचं असतं.

गोळी घेतली होती. श्वास लागला नाही. चढ चढून देवळापर्यंत गेले आणि आले.

१४ मार्च, शनिवार

वाल्मीक म्हणाला, "उद्या वणीला चला. आईची पेन्शन अडकलीय, तुम्ही बघा."

"कागद इकडे आणा. मी टाईप करते."

"कागद नाय. आई बघायला लागंल."

"आईला बघून मी काय करू? आणि वणी म्हणजे दीड तास. माझी गोळी?"

त्यावर त्याने खाली बघून जे सांगितलं ते असं. गेल्या आठवड्यात तो भंगाराचा टेम्पो घेऊन नाशिक-वणी रस्त्याने तीन वेळा जाऊन आला. म्हसरूळच्या पुढे पेट्रोल पंप आहे, तिथल्या संडासाला कडी आहे, पाणी आहे. त्यापुढच्या हॉटेलात दार आहे पण कडी नाही, म्हणून बाद. पुढे एक दुसरा पंप, तिथली मावशी स्वच्छ ठेवते, तिला सांगून ठेवलंय. दिंडोरीत निकिताचं घर. त्यानंतर एक रसवंती, मागे नवीन बांधलंय.

"तुम्ही बायकांच्या संडासात शिरून बघितलंत?"

"हाक मारून. आधी हाक मारून! तरी एका ठिकानी एका बाईनं चप्पल काढली."

निकिताला फोन केला. ती म्हणाली, "जा गं आई. त्यांनी मला परवाच फोन केला होता. मला सगळं माहीत आहे."

सगळं म्हणजे पेन्शनीचं असणार.

१५ मार्च, रविवार

टेम्पोत बसायच्या आधी गोळी घेतली. प्रवासात पहिल्यांदा. म्हसरूळचा पंप: कडी होती. पुढच्या पंपावरच्या मावशीने मला नावाने हाक मारली आणि बाहेर राखण करत उभी राहिली. दिंडोरीला निकिताने द्राक्षांचा घड तोंडात कोंबला, म्हणाली मीठ नाही यात, खा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बागा. काचेतून गार वारा. मी गाणं म्हणत होते हे मला वाल्मीकने सांगितल्यावर कळलं.

वणीला त्याची आई कुसाबाई ओट्यावरच बसलेली. ऐंशीच्या पुढची, काटकुळी, आवाज मात्र ढोलासारखा.

"हीच का ती? जिच्यापायी माझं पोर बायकांच्या संडासात डोकावत फिरलं?"

वाल्मीक टेम्पो पुसायला पळाला. टेम्पो सकाळीच पुसलेला होता.

मी कामाला लागले. पासबुक मागितलं. बघते तर पेन्शन दर महिन्याला जमा. "आजी, अडकलं काय यात? सगळं सुरळीत आहे."

"कागदात नाय अडकलेलं," म्हातारी म्हणाली आणि हनुवटीने टेम्पोकडे दाखवलं. "ते तिकडं अडकलंय. पान्याची गोळी घेतली का?"

"घेतली."

"मंग बस."

ती आत गेली. तांदूळ, नारळ, खण घेऊन आली आणि म्हणाली, पदर पुढं कर. माझ्या लक्षात आलं ती ओटी भरते आहे.

"आजी, मी विधवा आहे."

"म्हाईत हाय. मीबी हाय. म्हनून काय आपल्या दोघींचे पदर फाटलेत?"

"आणि माझं हृदय तीस टक्केच चालतं."

तिने वळून हाक मारली. "काय रं, ही म्हनती अर्धंबी चालत नाय!"

टेम्पोमागून आवाज आला. "माझ्याकडं आजवर आलेल्या मालात सगळ्यात चांगलं चालतं!"

म्हातारीने पसाभर तांदूळ माझ्या पदरात ओतले. मी नको म्हणाले नाही. का, ते मला माहीत नाही. तांदूळ चांगला होता.

परतीला त्याच मावशीच्या पंपावर थांबायची वेळ आली. ओटी मांडीवर, उतरू कशी? वाल्मीकने खांद्यावरचा गमछा पसरला. मी तांदूळ, नारळ, खण, सगळं त्यात ओतलं आणि पळाले, कारण गोळी कोणाच्या भावना बघत नाही.

परत आले तर तो तसाच बसलेला, गमछ्याची चारी टोकं दोन्ही हातांत धरून, एक दाणा सांडू न देता. मागे द्राक्षांचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवून वाजवून थकला होता.

"अहो, चला की," मी म्हटलं. "लोक खोळंबलेत."

"चलतो. पन तुम्ही घेतल्याबिगर माझे हात मोकळे कसे होनार?"

मी पदर पसरला.